एक फूट की आठ इंच: सोलापुरातल्या एका छोट्या खुर्चीचं प्रकरण

पार्श्वभूमी

सोलापूरच्या पूर्व भागातलं हे घर. कोणाचं नाव देत नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मापं आणि निर्णयांचा क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे, कारण प्रकरणातलं शिकण्यासारखं जे आहे ते तिथेच आहे.

आजोबांच्या वडिलांचा घरातच खड्ड्याचा हातमाग होता. पुढे माग बंद पडला आणि आजोबांचं आयुष्य यंत्रमागाच्या खडखडाटात गेलं. आता त्यांच्याशी बोलायचं तर आवाज चढवूनच बोलावं लागतं. जुना माग मोडीत न घालता त्यांनी तो सुटा करून माळ्यावर ठेवला होता. खांब, आडवे दांडे, कापड गुंडाळायचा रूळ, दोन-चार धोटे, सगळं तिथेच होतं. बायकोने "हा पसारा काढा" म्हणायचं आणि त्यांनी ऐकू न आल्यासारखं करायचं, हे घरात वर्षानुवर्षं चाललेलं.

दिवाळीत नात दोन वर्षांची झाली. घर जमिनीवर बसणारं, खाली शहाबादी फरशी, जेवायला पाट. पण आजीचे गुडघे गेले आणि ती खुर्चीवर बसून जेवू लागली, तशी नातही पाटावर बसेना. तिला आजीसारखं बसायचं होतं. मग ती सोफ्यावर चढायची आणि पाय लोंबकळत ठेवून जेवायची. कोणीतरी वाढदिवसाला प्लॅस्टिकची छोटी खुर्ची दिली होती. मागे रेलली की ती खुर्ची गुळगुळीत फरशीवर सरकायची, आणि एकदा पोर खुर्चीसकट मागे आपटली. डोक्याला टेंगूळ आलं, बाकी काही झालं नाही. पण आजीने ती खुर्ची त्याच दिवशी गच्चीवर टाकली.

आजोबांच्या मनात आलं, मागाच्या लाकडाची खुर्ची करायची. मुहूर्त संक्रांतीचा, कारण त्या दिवशी नातीचं बोरनहाण होतं. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेसाठी पाहुणेही तेव्हाच यायचे होते. घरच्या मागाच्या लाकडाच्या खुर्चीत पोर हलव्याचे दागिने घालून बसली आहे, हे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे पक्कं होतं.

लहान मुलांची बसायची साधनं बनवणं हा माझा उद्योग. मिस्त्री ओळखीचे, त्यांनी एकदा येऊन बघायला सांगितलं. म्हणाले, "काकांचं आणि माझं जमंना झालंय. तुम्ही सांगा, तुमचं ऐकतील."

अडचण

वाद वरवर लाकडाचा दिसत होता. मिस्त्रींना नवीन लाकूड आणायचं होतं, कारण जुन्या लाकडात खिळे असतात आणि रंध्याचं पातं जातं. आजोबांना मागाचंच लाकूड हवं होतं. पण थोडं बसून ऐकल्यावर कळलं की खरी अडचण मापाची आहे.

आजोबांनी सांगितलेली बैठकीची उंची होती एक फूट, वर दोन्ही बाजूंना हात, आणि पाठ चांगली उंच. आपल्याकडे मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे शिवतात, तशीच ही खुर्ची. "एवढं लाकूड घालायचं, एवढी मजुरी द्यायची, तर पोरगी शाळेत जाईपर्यंत तरी पुरली पाहिजे की," हे त्यांचं म्हणणं. मिस्त्रींचीही याला ना नव्हती. छोटी खुर्ची म्हणजे मोठ्या खुर्चीची सगळी मापं निम्मी, असा त्यांचा हिशेब. मोठी खुर्ची दीड फुटाची, तिचं निम्मं नऊ इंच, आणि या दोन्हींच्या मधलं एक फूट त्यांना मध्यम वाटत होतं.

कपडा मोठा झाला तर बाही दुमडता येते. खुर्ची उंच झाली तर मुलाचे पाय हवेत राहतात. पाय टेकले नाहीत की मांडीखाली बैठकीची कड रुतते. मूल सारखं पुढे घसरतं आणि मग आधारासाठी मागे झोकून देतं. मागे पडण्याची सुरुवात बहुतेक वेळा तिथूनच होते. शिवाय उंच खुर्चीत चढावं लागतं. बुटक्या खुर्चीत मूल पाठ करून, हाताने चाचपत, आपलं आपण बसतं. दोन वर्षांच्या मुलासाठी हा फरक मोठा आहे. मारिया मॉन्टेसरींनी 1907 साली रोममध्ये पहिलं 'बालगृह', म्हणजे लहान मुलांची शाळा, सुरू केलं तेव्हा मुलांच्या मापाची टेबलं-खुर्च्या मुद्दाम करून घेतल्या. त्या हलक्याही असाव्यात, म्हणजे मुलांना स्वतः उचलून हलवता येतील, हा त्यांचा आग्रह होता.

पर्याय

चार मार्ग समोर होते. पहिला, दुसरी प्लॅस्टिकची आणायची, रुंद पायांची. स्वस्त, धुवायला सोपी, आणि खरं सांगायचं तर पुष्कळ घरांना तेवढी पुरते. पण आजीचा तिच्यावरचा राग गेला नव्हता. दुसरा, प्लायची तयार खुर्ची ऑनलाइन मागवायची. सुनेने फोनवर दोन-तीन दाखवल्या, पण त्यांत बैठकीची उंचीच कुठे लिहिलेली नव्हती. 'दोन ते पाच वर्षं' एवढंच. तिसरा, उलटसुलट करता येणारं खोकं. एका बाजूने ठेवलं की बैठक खाली, पालथं घातलं की वर. वाढत्या अंगाच्या आग्रहाला हे खरं उत्तर होतं आणि मला स्वतःला ते आवडतं. पण आजोबा म्हणाले, "खोकं करायला माग मोडू काय?" यावर बोलण्यासारखं काही नव्हतं.

चौथा मार्ग म्हणजे मागाच्या लाकडाची, पण आजच्या मापाची खुर्ची, आणि पुढे उंची वाढवायची सोय आत्ताच करून ठेवायची. चर्चा शेवटी इथे येऊन थांबली. आजोबा राजी झाले ते मात्र माझ्या बोलण्याने नाही. माप घेतलं तेव्हा झाले.

माप

फरशीवर रद्दीच्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा ठेवला आणि त्यावर नातीला बसवलं. पाय अनवाणी. तळवे पूर्ण टेकले आणि मांडी जमिनीला समांतर झाली, तेव्हा गठ्ठा मोजला. 8 इंच 2 सूत, म्हणजे साधारण 21 सेंटिमीटर. मग आजोबांच्या सांगण्यावरून गठ्ठा एक फुटाचा केला. पोर वर बसवली तर पाय लटकले, ती कंटाळली, आणि पोटावर पालथी होऊन खाली घसरायला लागली. आजोबा काही बोलले नाहीत, फक्त मिस्त्रींना म्हणाले, "लिहून घ्या, आठ इंच दोन सूत."

इतर मापं अशी घेतली. कंबरेच्या मागच्या बाजूपासून गुडघ्याच्या खोलगट भागापर्यंत 24 सेंटिमीटर भरले. बैठकीची खोली त्यापेक्षा दोन-तीन बोटं कमी हवी, नाहीतर कड गुडघ्यामागे लागते आणि मूल पाठीला टेकतच नाही. म्हणून खोली 21 धरली. रुंदी 27, म्हणजे थंडीचे कपडे घालूनही कडेला जागा राहील.

युरोपातल्या शाळांच्या फर्निचरसाठी जी मापं ठरलेली आहेत, त्यांतल्या सगळ्यात लहान आकाराची बैठक 21 सेंटिमीटर उंच असते आणि ती साधारण 80 ते 95 सेंटिमीटर उंचीच्या मुलांसाठी असते. पुढचा आकार 26 सेंटिमीटरचा. नातीची उंची 86 होती. रद्दीच्या गठ्ठ्यावरचं माप तिथेच येऊन बसलं, याचा मिस्त्रींना बराच आनंद झाला.

हात लावायचे की नाही, यावर थोडा वेळ गेला. हात असले की मूल कडेने पडत नाही, हे खरं. पण दोन वर्षांचं मूल खुर्चीत पुष्कळदा बाजूनेही शिरतं. शिवाय हात म्हणजे चढायला पायरी, आणि वजनही वाढतं. एवढ्या बुटक्या खुर्चीतून कडेला पडलं तरी ते फारसं लागत नाही. हात गाळले. आजोबांचं चित्र थोडं उणं झालं, पण सून म्हणाली, "मामा, राजाची खुर्ची नको, तिची होऊ द्या."

लाकूड: काय घेतलं, काय टाकलं

माळ्यावरून लाकूड उतरवलं तेव्हा ते तीन प्रकारचं निघालं. खांब आणि मोठे दांडे सागाचे. दोन जाड तुकडे बाभळीचे, लोखंडासारखे जड. आणि काही फळ्या आंब्याच्या किंवा तशाच कुठल्यातरी हलक्या लाकडाच्या, नंतर कधीतरी दुरुस्तीला वापरलेल्या.

फळ्यांना बारीक भोकं होती आणि आपटल्यावर पिठासारखा भुसा गळत होता. कीड चालू आहे याची ही खूण. त्या सरळ बाहेर काढल्या, कारण तीच कीड सागाच्या बाहेरच्या फिकट थरातही शिरू शकते. सागाचा आतला तांबूस गाभा टिकतो. कडेचा पांढुरका भाग वाळवीला आणि किडीला बळी पडतो, त्यामुळे तोही कापून टाकायचा ठरलं.

दोन दांड्यांवर जुना हिरवा ऑइल पेंट होता. खरवडून वापरू, असं मिस्त्री म्हणाले. मी नको म्हटलं. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भाग) वर नसावं, हा नियम आपल्याकडे 2016 साली झाला आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या, आणि हा रंग तर कितीतरी आधीचा, डब्यात काय होतं ते कोण सांगणार? शिसं असलेला रंग घासला की त्याची धूळ घरभर होते, आणि घरात रांगणारं-चाटणारं मूल. खरवडणं हे रंग तसाच ठेवण्यापेक्षा वाईट. ते दोन्ही दांडे परत माळ्यावर गेले. आजोबांना वाईट वाटलं. ते त्यांच्या वडिलांनी स्वतः रंगवले होते.

बाभळीचा मोह मिस्त्रींना होता. बैलगाडीच्या चाकाला बाभूळ चालते तर खुर्चीला का नाही? चालेल, पण तासायला कठीण, आणि वजनाला सागापेक्षा जड. खुर्चीच्या सगळ्या लाकडाचा ढोबळ हिशेब मांडला तर सागात दोन किलोच्या आसपास येत होतं, बाभळीत अडीचच्या पुढे. अकरा-बारा किलोच्या मुलीने ओढायची वस्तू आहे. सागच ठरला.

सागाच्या खांबांवर लोहचुंबक फिरवून खिळे शोधले. काही वरून दिसतही नव्हते, डोकी तुटून आत राहिलेले. जिथे ते काढताना लाकूड फाटेल असं वाटलं, तेवढा भाग सोडून दिला. एवढं सगळं टाकून उरलेलं लाकूड एका खुर्चीला पुरेल इतकंच होतं.

एका बाबतीत हे जुनं लाकूड नव्या लाकडापेक्षा सरस होतं. सोलापूरची हवा लाकडाची परीक्षा घेते. मे महिन्यातली कोरडी हवा आणि पावसाळ्यातली दमट हवा यांत लाकूड रुंदीत आकसतं आणि फुगतं. लांबीत जवळजवळ नाही. वखारीतून आणलेल्या अर्धवट ओल्या लाकडात पावसाळ्यात ठोकलेला सांधा पुढच्या मे महिन्यात सैल होऊन हलायला लागतो. मागाचं लाकूड कित्येक उन्हाळे पत्र्याखाली भाजून निघालं होतं. आणि काम डिसेंबरात होणार होतं, जेव्हा इथली हवा ना फार कोरडी ना फार दमट. संक्रांतीचा मुहूर्त आजोबांनी हौसेने धरला होता, पण लाकडालाही तो मानवला.

आधी खोक्याच्या फळ्यांची खुर्ची

सागाला हात लावण्याआधी पॅकिंगच्या खोक्याच्या फळ्या खिळ्यांनी ठोकून एक कच्ची खुर्ची करायची, हे मिस्त्रींना पटत नव्हतं. "एका खुर्चीसाठी दोन खुर्च्या?" पण लाकूड एकदाच पुरेल एवढं होतं. चुकलं तर दुसरं मिळणार नव्हतं. मान्य झालं.

या कच्च्या खुर्चीनेच सगळ्यात मोठा निर्णय करून दिला. मिस्त्रींनी मागचे पाय सरळ उभे ठेवले होते, म्हणजे पाय बैठकीच्या मागच्या कडेखालीच टेकत होते. मुलीऐवजी बैठकीवर बारा किलो ज्वारीची पिशवी उभी ठेवली, वरून पाठीला बांधली आणि पाठ एका बोटाने मागे ओढली. खुर्ची सहज कलली. ढोबळ हिशेब असा: बसलेल्या मुलाचा भार जमिनीपासून 38-40 सेंटिमीटरवर आणि बैठकीच्या मागच्या कडेपासून दहाएक सेंटिमीटर पुढे धरला, तर सरळ पायांची खुर्ची 14-15 अंश कलली की पलीकडे जाते. पायाची टोकं दोन इंच मागे नेली तर हाच कोन 20-21 अंशांवर जातो. पिशवी ठेवून पाठ ओढताना हाताला हा फरक स्पष्ट जाणवत होता.

मग पाय मागे कसे न्यायचे? नुसता सरळ पाय तिरका केला तर काम उलटं होतं: पाठ मागे जाते आणि पायाचं टोक पुढे येतं. पाठही मागे हवी आणि टोकही मागे हवं, म्हणजे पाय बैठकीपाशी वाकलेला हवा. असा वाकलेला पाय रुंद फळीतून कापून काढावा लागतो. फळी अरुंद असली तर वाकणाशी लाकडाची रेषा आडवी कापली जाते आणि पाय नेमका तिथेच तुटतो. चार इंच रुंदीचे खांब दोन होते. त्यातून दोन मागचे पाय निघत होते, पण निम्मं लाकूड वाया जाऊन.

इथे आजोबा बराच वेळ गप्प बसले. मागाच्या त्या खांबांचा निम्मा भाग भुशात आणि तुकड्यांत जाणार होता. शेवटी ते उठले, खडूने खांबावर स्वतः पायाची आकृती काढली आणि मिस्त्रींना करवत दिली. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत महागडा निर्णय हाच होता, आणि सर्वांत योग्यही. पुढच्या सगळ्या चढण्या-ओढण्यात ही खुर्ची एकदाही मागे उलटलेली नाही.

कच्च्या खुर्चीने आणखी एक गोष्ट दाखवली. पाठीला वर एकच आडवी पट्टी होती आणि ती ते बैठक यांच्यात पाच इंचांची मोकळी जागा. नात खुर्चीच्या मागे गेली आणि त्या जागेतून तिने डोकं घालून "भॉ" केलं. सगळे हसले. पण बागेतल्या खेळण्यांच्या सुरक्षा-नियमांत साधारण 9 ते 23 सेंटिमीटरच्या फटी धोक्याच्या मानतात, त्या याचसाठी. अंग किंवा डोकं आत जातं आणि परत येत नाही. पाठीला दोन पट्ट्या वाढवल्या, मधलं अंतर सहा सेंटिमीटरच्या आत आणलं. बोटांसाठी उलटा विचार: पाच ते बारा मिलिमीटरच्या फटीत लहान बोट अडकतं, म्हणून बैठकीच्या पट्ट्यांमधली फट तीन मिलिमीटरच ठेवली.

सांधे आणि बैठक

सांधे खिळ्यांचे नकोत, यावर मिस्त्रींचं आणि माझं पहिल्यापासून एकमत होतं. आडव्या पट्ट्यांना कूस, म्हणजे टोकाशी पातळ जीभ, काढायची, पायात तिच्या मापाचं चौकोनी भोक, पांढरा फेव्हिकॉल आणि वरून आरपार बांबूची खुंटी. लहान खुर्चीत अडचण एवढीच की पाय सव्वा इंचाचा असतो आणि दोन बाजूंनी येणाऱ्या कुशी आत एकमेकींना अडतात. म्हणून त्यांची टोकं तिरकी कापून आत जुळवली. मिस्त्रींनी हे काम एकट्याने, कोणालाही जवळ येऊ न देता केलं, आणि ते बघण्यासारखं होतं. वीजेचं यंत्र त्यांच्याकडे आहे, पण ही भोकं त्यांनी पटाशीनेच पाडली.

बैठक एकसंध फळीची असावी, असं आजोबांना वाटत होतं. एवढ्या रुंदीचा सागही सोलापूरच्या उन्हाळ्या-पावसाळ्यात दोन-तीन मिलिमीटर आत-बाहेर होतो. तो चहूबाजूंनी चिकटवून टाकला तर एक दिवस मधोमध तडकतो. म्हणून तीन सुट्या पट्ट्या लावल्या. प्रत्येक पट्टी आपापल्या जागी थोडी हलली तरी कळत नाही, आणि सांडलेलं पाणी साचून न राहता फटीतून निघून जातं. पट्ट्या खालून स्क्रूने धरल्या, स्क्रूची भोकं थोडी लांबट ठेवून.

पायांखाली पुढून मागे जाणाऱ्या दोन पट्ट्या जोडल्या. फरशीवर खुर्ची ढकलायला त्या बऱ्या, पायांची टोकं झिजत नाहीत, आणि पुढे याच पट्ट्या काढून त्यांच्यापेक्षा एक इंचाने जाड पट्ट्या बसवल्या की उंची वाढते. म्हणून फक्त एवढ्या जागी गोंद न लावता स्क्रू वापरले. शहाबादी फरशी कुठेच एकसारखी नसते. पट्टीचा मधला भाग खालून किंचित तासला, म्हणजे ती दोन टोकांवरच टेकते आणि डगमगत नाही.

घासायचं काम आजोबांनी मागून घेतलं. 80 नंबरच्या कागदापासून 220 पर्यंत, मधे एकदा ओल्या फडक्याने पुसून, वाळल्यावर उभे राहिलेले तंतू पुन्हा घासून. सागाच्या भुशाने अंगाला खाज सुटते, म्हणून सुनेने त्यांना रुमाल बांधायला लावला; तो दर थोड्या वेळाने गळ्यात यायचा. गुळगुळीतपणाची परीक्षा आजीने घेतली. जुन्या नायलॉन साडीचा पदर सगळ्या कडांवरून फिरवायचा, आणि अडकेल तिथे खडूची खूण. खुणा पुष्कळ निघाल्या.

पॉलिश: इथे मुहूर्त आड आला

माझी पसंती जवसाच्या तेलाला आणि त्यावर मेणाला होती. घाण्यावरचं खायचं जवसाचं तेल लाकडात मुरतं आणि वाळून कडक होतं. दुकानात मिळणाऱ्या 'उकळलेल्या' तेलात लवकर वाळावं म्हणून धातूंचे क्षार घातलेले असतात, ते मुलांच्या वस्तूला नको. पण घाण्याचं तेल वाळायला थंडीत आठवडे लागतात. आजीने विचारलं, घरचं करडईचं चालेल का? वाळतं तेही, पण जवसापेक्षा सावकाश. शेंगतेल मात्र कधीच वाळत नाही. चिकट राहतं आणि खवट होतं. (आणि कुठलंही वाळणारं तेल वापरलं तर भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. ती आतून तापून पेट घेऊ शकतात. पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.)

घासणं संपलं तेव्हा संक्रांत तोंडावर आली होती. तेलाला वेळ नव्हता. म्हणून स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा, म्हणजे लाखेचं पॉलिश, पातळ हातांनी चढवलं. एक हात तासाभरात वाळतो, स्पिरिट उडून गेल्यावर जे राहतं ते निर्धोक असतं. सागाचा रंगही सुरेख उठला. पण चपड्याला पाणी सोसत नाही, हे तेव्हाच सांगितलं होतं. आजोबा म्हणाले, "आधी बोरनहाण होऊ दे, मग बघू."

संक्रांत आणि नंतर

बोरनहाणाला नात त्या खुर्चीवर बसली. डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे पडायला लागल्यावर ती दोन मिनिटांत उतरून फरशीवर वेचायला बसली, आणि खुर्ची शेजारच्या मुलाने पटकावली. फोटो मिळाले.

दुसऱ्या दिवसापासून खुर्ची खऱ्या कामाला लागली. जेवायला ती आपणहून येऊन बसते, पाठ करून, मागे हात लावत. सोफ्यावर जेवण बंद झालं. दुपारी खुर्ची पालथी घालून ती पांगुळगाड्यासारखी घरभर ढकलते; खालच्या पट्ट्या तेव्हा वर येतात आणि धरायला उपयोगी पडतात. याचा विचार कोणीच केला नव्हता.

विचार न केलेली दुसरी गोष्ट तेवढी गोड नाही. खुर्ची हलकी असल्यामुळे ती कुठेही नेता येते. महिनाभरात नातीने ती स्वयंपाकघरात ओट्यापाशी लावली आणि वर उभी राहून गॅसच्या बटणाला हात घातला. सून जवळच होती. हलकी खुर्ची ही मुलासाठी पायरीही असते, आणि ती जिथे पोचते तिथलं सगळं मुलाच्या हाताच्या टप्प्यात येतं. त्या दिवसापासून स्वयंपाकघराच्या दाराला खालची कडी लागली, गॅसचा रेग्युलेटर काम संपताच बंद होऊ लागला, आणि खुर्ची रात्री व गच्चीचं दार उघडं असताना कपाटावर जाऊ लागली. जड खुर्ची केली असती तर हे टळलं असतं का? माझ्या मते फार तर लांबलं असतं. जड खुर्ची बोटांवर पडण्याचा धोका मात्र लगेच आला असता.

बैठकीवर अपेक्षेप्रमाणे पांढरे डाग पडले. ओली चड्डी, सांडलेलं पाणी. एप्रिलमध्ये मिस्त्रींनी बैठकीच्या तीन पट्ट्या स्क्रू काढून सोडवल्या, चपडा घासून काढला आणि जवसाचं तेल लावून कडक उन्हात वाळायला ठेवल्या. उन्हाळ्यात ते काम कितीतरी लवकर झालं. त्या काळात खुर्चीवर तात्पुरती प्लायची फळी होती आणि नातीला ती अजिबात मान्य नव्हती.

मे महिन्यात सांधे तपासले. हाताने पिळून पाहिलं तर एकही हलला नाही. बैठकीच्या फटी किंचित रुंदावल्या होत्या, पण बोट जाईल इतक्या नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

पॉलिशचा क्रम उलटा धरायला हवा होता. मुहूर्त ठरलेला असेल तर दिवस शेवटच्या कामापासून मागे मोजावेत: तेल वाळायला किती, घासायला किती, आणि मग करवत कधी लावायची. इथे दिवाळीनंतरचा बराच वेळ लाकडाच्या वादात गेला. तो वाद माप घेण्याआधी न होता नंतर झाला असता तर निम्म्या वेळात मिटला असता, कारण किती आणि केवढं लाकूड लागणार हे तेव्हा कागदावर दिसलं असतं.

कच्च्या खुर्चीवर ज्वारीच्या पिशवीऐवजी मुलीलाच चार-सहा दिवस वावरू द्यायला हवं होतं, खिळ्यांची टोकं झाकून आणि कोणीतरी शेजारी बसून. डोकं घालण्याची फट जशी लक्षात आली, तशी ओट्याकडे नेण्याची सवयही आधीच कळली असती. पिशवी फक्त तोल सांगते.

पैशांचं म्हणाल तर लाकूड घरचं असूनही मिस्त्रींची मजुरी, कागद, चपडा मिळून प्लॅस्टिकच्या खुर्चीच्या कितीतरी पट खर्च झाला. त्या पैशांत बालवाडीला शोभेल अशी नवीन सागाची छोटी खुर्चीही झाली असती. हे मी आजोबांना आधीच सांगितलं होतं, आणि त्यांनी ते नीट ऐकलं होतं.

येत्या दिवाळीला पुन्हा रद्दीच्या गठ्ठ्यावर माप घ्यायचं आहे. तिसऱ्या वर्षी मुलं साधारण आठ-नऊ सेंटिमीटर वाढतात आणि त्यातली दोनएक सेंटिमीटर गुडघ्याखाली जातात. म्हणजे एक इंचाने जाड पट्ट्या लागतील असा अंदाज आहे. त्यासाठी बाभळीचे ते दोन तुकडे मिस्त्रींनी बाजूला काढून ठेवले आहेत. खाली घासायला बाभूळच बरी, आणि खालचं वजन वाढलं तर खुर्ची आणखी स्थिर होते. हिरव्या रंगाचे दांडे अजून माळ्यावरच आहेत.